दुसरा रिमोट

५ फेब्रुवारी, नांदेड

‘नाही’वर बाण ठेवला होता आणि दाबणारच होते, तेवढ्यात बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

“काय विचारून राहिले ते?”

“आपला रस्ता कन्सोलवर द्यायचा का, असं कंपनी विचारते.”

“मग दे की. पोरं टीव्हीवर खेळतील.”

“देते,” म्हणाले आणि ते पान बंद केलं.

मनस्विनी, तू फोन उचलत नाहीस म्हणून मेल. तुझे तिन्ही मेल पोचले. तिन्हींचा मजकूर एकच आहे: विशा, हो कर, सगळं तुझ्यावर अडलंय.

तुला माहीत असलेलं पुन्हा लिहिते, कारण हल्ली तुझ्या लक्षात काय राहतं ते मला कळत नाही. नांदेडपासून अहमदपूरपर्यंतचा रस्ता मी केला. लातूरपासून अहमदपूरपर्यंतचा तू केलास. तू आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचीस तेव्हा सुरू केलं आणि तू लातूरला क्लासमध्ये शिकवायला गेलीस तरी थांबलं नाही. अहमदपूरच्या स्टँडवर दोन्ही तुकडे जोडले. बसच्या त्या गेममध्ये असा रस्ता कोणी केलेला नव्हता. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे ते तो फुकट उतरवून घेतात आणि त्यावर लाल गाडी चालवतात. आपण दोघींनी केलं. आणखी कोणी नाही.

आता कंपनी म्हणते, खेळणाऱ्यांनी बनवलेली मॉड्स कन्सोलवाल्यांनाही मिळाली पाहिजेत. चांगलं आहे. स्क्रिप्ट, म्हणजे आपण लिहिलेला कोड, चालणार नाही म्हणतात. साइजला मर्यादा आहे. आणि ज्याचं ज्याचं काम आत आहे त्या प्रत्येकाने आपल्या खात्यातून हो म्हणायचं. मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी.

त्या पानावर नावं दिसतात. तुझ्यापुढे हो आहे. माझ्यापुढे रिकामं आहे. तिसरं नाव आहे, रेवणसिद्ध, उदगीर. त्याचं हो तुझ्याही आधी पडलेलं आहे.

तो कोण?

हेच मी आपल्या गेमच्या ग्रुपवर विचारलं होतं, जरा कमी शब्दांत. तू मला म्हणालीस, विशा, असं बोलतात का. त्याला काहीच म्हणाली नाहीस. मी ग्रुप सोडला. त्यानंतर तू फोन केलास का, आठवून बघ.

विशाखा


९ फेब्रुवारी

उत्तर आलं. या वेळी लांब आहे.

तो गेमिंग पार्लर चालवतो. पोरं तासावर खेळतात. त्याने आपल्या रस्त्याचे व्हिडिओ पाहिले आणि ‘आमच्याकडं कधी?’ असं खाली लिहिलं. मग तू त्याच्याशी बोलू लागलीस. उदगीरला गेलीस. त्याच्या आईने, नागम्माबाईंनी, शेंगापोळी खाऊ घातली. बोटांना तूप लागलं म्हणून रिमोट धरता येईना, हेही लिहिलं आहेस. मी रस्त्याबद्दल विचारलं होतं.

तू लिहितेस, ‘कॉम्प्युटर किती जणांकडे असतो, विशा? उदगीरला, उमरीला पोरं पार्लरमध्येच खेळतात.’ उमरी माझ्या जिल्ह्यात आहे. तिथे पार्लर आहे हे तुला कोणी सांगितलं, ते विचारत नाही.

आता कंडक्टरच्या घंटीचं. कन्सोलवर स्क्रिप्ट चालत नाही, मग घंटी वाजते कशी, असं मी मधे मेसेजवर विचारलं. तू लिहिलंस, ‘रेवणने मार्ग काढला.’ रेवण.

त्या घंटीसाठी आपण तिघं डेपोत गेलो होतो. बाबांच्या निवृत्तीचं वर्ष. ते उभ्या गाडीत चढले, दोरी धरली आणि आपल्याला शिकवू लागले, जणू आपणच उद्यापासून कंडक्टर. “सिंगल म्हणजे थांब. डबल म्हणजे चल. डबल देताना मधी जागा सोडायची न्हाई. सोडली की ड्रायव्हरला दोन सिंगल ऐकू येतात. मग तो ब्रेक दाबतो अन् सगळी गाडी शिव्या देते, त्याला न्हाई, आपल्याला.” आवाज टिपायला तू फोन धरून आत होतीस. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी दाराशी उभी होते.

घरी येऊन स्क्रिप्ट मी लिहिली. उतारू बसले, दार लागलं, की डबल आपोआप. डबल झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. एकटा माणूस चालवत असला तरी त्याला वाटलं पाहिजे, मागे कोणीतरी आहे.

तो मार्ग काय आहे, ते मला नीट लिहून पाठव. मी कन्सोलच्या विरोधात नाही. मी विरोधात आहे असं त्याला सांगू नकोस.

विशाखा


१३ फेब्रुवारी

समजलं. दार बंद होण्याचा आवाज गेममध्ये मुळातच असतो. त्या जागी त्याने घंटी बसवली. दार लावलं की टिंग-टिंग. स्क्रिप्ट लागत नाही.

सोपं आहे. मलाही सुचलं असतं. मला कोणी विचारलं नाही.

एक सांगते. दार शेवटच्या स्टँडवरही लागतं. म्हणजे गाडी लातूरला पोचली, सगळे उतरले, दार लावलं, की रिकाम्या गाडीत डबल वाजणार. कोणाला निघायला सांगते ती? हे त्याच्या लक्षात आलं नसेल. बाबांना सांगितलं तर ते खूप हसले. “आमच्या येळेला एकजण असाच होता,” म्हणाले. “झोपेत डबल द्यायचा.”

येत्या शनिवारी मी उदगीरला चालले आहे. आतेबहिणीच्या घरी कार्यक्रम आहे. तुला भलतंच काही वाटेल म्हणून आधीच लिहिते, त्या पार्लरशी काही संबंध नाही.

विशाखा


१६ फेब्रुवारी

कार्यक्रम नीट झाला. परतताना वेळ होता आणि पार्लर वाटेत लागलं, म्हणून डोकावले.

मोंढ्याच्या मागची गल्ली, पिठाच्या गिरणीला लागून. दाराला निळा पडदा. आत दोन टीव्ही आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. गल्ल्यावर बसलेल्या बाई शेंगा फोडत होत्या. “बर्री, कूड्री,” कानडीत म्हणाल्या आणि माझ्यासाठी एका खुर्चीवरची टरफलं पदराने झटकली. त्या नागम्माबाई, हे मी ओळखलं.

तो मला वाटला होता त्यापेक्षा बुटका आहे. बोलताना हात सारखे हलतात. हे तुला माहीत आहे.

“काय लावू ताई? क्रिकेट हाय, फुटबॉल हाय, मारामारी हाय. न्हाईतर आपली गाडी हाय.”

“आपली?”

“हाव, आपलीच. नांदेड-लातूर. अजून बाहेर आली न्हाई, टेस्टिंग करून राहिलोय. नाव काय लिहू तुमचं?”

“महामाया,” मी म्हणाले. आत्याचं नाव तोंडात आलं.

“लातूरच्या मॅडमनी बनवली ही गाडी.”

“एकट्यांनी?”

“न्हाई, अजून एक हायत. नांदेडच्या. त्यांचं नका काढू.”

“का?”

“त्यांच्यापाशी अडलंय. निस्तं बटन दाबायचं हाय. पण रुसल्यात.”

“कशावर?”

“ते मॅडमलाच म्हाईत न्हाई, मला काय म्हाईत?”

त्यावर नागम्माबाई म्हणाल्या, “तू बोललास असशील कायतरी. तुझं तोंड म्हंजी गिरणी हाय.”

“आई, मी त्यांला बघितलंबी न्हाई.”

मग त्याने माझ्या हातात एक रिमोट दिला. ते लोक कंट्रोलरला रिमोटच म्हणतात. दुसरा त्याने स्वतः घेतला आणि शेजारची खुर्ची ओढली. मी विचारलं, हा कशाला?

“ह्याला दोघं लागतात. एकट्यानंबी चालती, पण मजा न्हाई. तुम्ही ड्रायव्हर. मी कंडक्टर. दार ह्या रिमोटवर हाय. मी दार लावलं की डबल. डबल बिगर हालायचं न्हाई, काय?”

“हे कोणी ठरवलं?”

“मॅडम अन् मी असंच खेळतो. मॅडम चालवतात, मी डबल देतो. दर आयतवारी येतात, सकाळच्या गाडीनं.”

आयतवार. रविवारी क्लासच्या परीक्षा असतात म्हणून तुला बोलता येत नाही, असं तू दिवाळीपासून मला सांगत आली आहेस.

गाडी नांदेडच्या स्टँडवरून निघाली. तो ओरडत होता. “चला लोहा, माळाकोळी, अहमदपूर! मागं सरका! ओ आजोबा, पोतं मांडीवर घ्या. सुट्टे न्हाईत, उतरताना मागा.” गाडी रिकामी होती. साइज कमी करायला तुम्ही उतारू काढलेत. झाडंही काढलीत. माझ्या रस्त्याला बाभळी होत्या, चिंच होती, लोह्याच्या अलीकडे एक वाळलेलं झाड होतं. आता एकच लिंब सगळीकडे उभा आहे. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं वाचता येत नाहीत.

मी लोह्यापर्यंत चालवली. मग कंटाळा आला आणि उठले.

विशाखा


१८ फेब्रुवारी

मी विचार केला. तो कामापुरता लिहिते.

झाडं गेली, चालेल. पाट्या गेल्या, चालेल. उतारू काढणं भागच होतं. दाराच्या आवाजावर घंटी बसवली तीही राहू दे, शेवटच्या स्टँडचं तेवढं बघा.

दुसरा रिमोट काढून टाका.

दार ड्रायव्हरच्याच बटणावर द्या. आपला रस्ता एकट्याने चालवण्यासाठी केलेला आहे. ज्या पोराकडे एकच रिमोट आहे त्याला आपण अर्धी गाडी दिल्यासारखं होईल. कंपनीच्या तपासणीतही अडचण येऊ शकते. मी हे मॉडच्या भल्यासाठी म्हणते. यात दुसरं काही नाही.

एवढं केलंत की मी लगेच हो करते.

विशाखा


२१ फेब्रुवारी

तुझं उत्तर इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी काही वाढवून सांगते असं तू पुढे म्हणणार नाहीस. ‘विशा, एका रिमोटवरही गाडी पूर्ण चालते, दार दोन्हींवर ठेवलंय. दुसरा रिमोट राहणार. पोरांना तेच सगळ्यात जास्त आवडतं. तू उदगीरला गेलीस, खेळलीस, म्हणजे हे तुला माहीत आहे. सव्वीसपर्यंत कळव, नाहीतर मला दुसरं काहीतरी करावं लागेल.’

कंपनीची मुदत अठ्ठावीस आहे. सव्वीस ही तारीख कुठून आली?

‘दुसरं काहीतरी’ असं तू कधी बोलत नाहीस. भाडं थकलं होतं तेव्हाही तू माझ्या आईला सरळ सांगितलंस, या महिन्याचं जमणार नाही. हे वाक्य तुझं नाही. कोणाचं आहे ते मी लिहीत नाही. पार्लरवाल्यांना गिऱ्हाइकाला घाई करायची सवय असते. वेळ संपत आली की ते मागे येऊन उभे राहतात.

आणि मी उदगीरला कार्यक्रमाला गेले होते.

आता आणखी एक विचारते. पोरांना आवडतं हे ठीक. तुला आवडतं का? तू चालवतेस आणि कोणीतरी मागून डबल देतं, हे? आपण इतकी वर्षं हा रस्ता केला. तू लातूरला, मी इथे. रात्र रात्र फोन चालू असायचा. तू आष्टामोडचं वळण लावायचीस आणि विचारायचीस, विशा, असं बरोबर आहे का. एकदाही आपण तो रस्ता सोबत चालवला नाही. तशी सोयच नव्हती त्यात. मी केली नव्हती. तूही कधी म्हणाली नाहीस.

त्याला म्हणालीस का? का त्याने न विचारताच केलं?

विशाखा


२४ फेब्रुवारी

तू काही लिहिलं नाहीस. मीच लिहिते.

उदगीरला कार्यक्रम नव्हता. आतेबहीण आता उदगीरला राहतच नाही, ती इस्लापूरला असते. मी शनिवारी उठले आणि उदगीरच्या गाडीत बसले. पार्लर वाटेत नव्हतं. दोन जणांना विचारावं लागलं.

लोह्याला मी उठले नव्हते. अहमदपूरपर्यंत गेले. स्टँडमध्ये गाडी घातली. त्याने सिंगल दिली, तोंडाने, कारण रिमोटवर सिंगल नाही. मग त्याने विचारलं, “पुढं जायचं का ताई? पुढचा मॅडमचा हाय.” मी हो म्हणाले. शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड. तुझ्या भागात झाडं फारशी कापलेली नाहीत, हे मी पाहिलं. लातूरला पोचलो तेव्हा दार लावल्यावर डबल वाजलीच. तो म्हणाला, “बघा, डायवर साहेब, गाडीलाच घरी जायचं न्हाई.”

माझ्या रस्त्याबद्दल तो जे बोलला ते मी तुला लिहिलं नव्हतं. माळाकोळीच्या अलीकडचं ते वळण तो प्रत्यक्ष बघून आला आहे. गेममध्ये पाहिलं म्हणून खास मोटरसायकल काढून गेला. म्हणाला, “नांदेडच्या बाई कशाबी असू द्या, रस्ता मात्र खरा केलाय. खड्डाबी हाय तिथं.” तो खड्डा मी मुद्दाम ठेवला होता. तुला तो कधी दिसला नाही.

वाईट वाटलं. तो चांगला बोलला याचं वाईट वाटलं.

त्याने प्रत्येक स्टॉपवर डबल दिली, वेळेवर. मला मागे बघावं लागलं नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये डबल नेहमी एकाच अंतराने यायची. तो कधी लवकर द्यायचा, कधी एखाद्या नसलेल्या म्हातारीला चढू द्यायला थांबायचा. “थांबा थांबा, पिशवी राहिली त्यांची.” मी थांबायचे. रिकाम्या गाडीत. मला हसू आलं. शेजारच्या टीव्हीवर खेळणारे वळून बघू लागले.

निघताना नागम्माबाई म्हणाल्या, “परत ये गं महामाया. आयतवारी ये. आमच्या मॅडम येतात, वळख होईल.”

दर रविवारी हे असं चालतं. तू चालवतेस आणि तो म्हाताऱ्या चढवतो. मला एवढंच कळलं, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

तरी माझी अट तीच आहे.

विशाखा


२६ फेब्रुवारी

आज सव्वीस. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधून लिहिते.

सकाळी बाबांनी पुन्हा विचारलं. त्यांनी सिद्धरामकाकांना सांगून ठेवलं आहे. काका त्यांच्याबरोबर डेपोत होते, आता मुलाकडे उमरीला असतात. बाबांनी त्यांना फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलं. “आरे, माझी डबल वाजणार हाय टीव्हीत. तुझी कुठं वाजली?” मग मला म्हणाले, “काय झालं गं त्या बटनाचं? लातूरच्या पोरीशी भांडण झालं का?”

“नाही.”

“मग दाबत का न्हाईस?”

“कामाचं आहे बाबा. थोडं तांत्रिक आहे.”

“तांत्रिक,” बाबा म्हणाले. आमच्या घरात हा शब्द आला की विषय संपतो.

पान उघडून ठेवलं आहे. बटण समोर आहे. मी आज काही करणार नाही, कारण आजची तारीख त्याची आहे. कंपनीने मला अठ्ठावीसपर्यंत वेळ दिला आहे आणि तो माझा आहे. एवढं तरी माझं राहू दे.

तू आज फोन केलास तर उचलेन.

विशाखा


२८ फेब्रुवारी

मनस्विनी, हो केलं.

आत्ताच, दुपारी. अट नाही. दुसरा रिमोट राहू दे.

काल दिवसभर तुझा फोन आला नाही. परवाही नाही. मी आधी रागावले. मग संध्याकाळी घरी कॉम्प्युटरवर आपला रस्ता लावला, पूर्ण झाडांचा, पूर्ण पाट्यांचा, आणि नांदेडहून निघाले. उतारू चढले, दार लागलं, डबल वाजली. लोह्याला डबल वाजली. माळाकोळीला वाजली. सगळीकडे बरोबर. मी अहमदपूरच्या आधीच गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागे कोणीतरी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. ते वाटावं म्हणून मी ती स्क्रिप्ट लिहिली होती.

त्याच्यावरचा राग गेला नाही. तो चांगला माणूस आहे हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असल्याने राग कमी होत नाही. रविवारचं तू मला खरं सांगायला हवं होतंस. मी चिडले असते. पण चिडले असते, एवढंच.

एक मागते. एखाद्या रविवारी मला उदगीरला येऊ दे. तू चालव. नांदेडहून निघ, माझ्याकडून. मी दुसरा रिमोट धरते. मला ओरडता येणार नाही त्याच्यासारखं, पण डबल देता येते. मधे जागा न सोडता. बाबांनी शिकवली आहे. रेवणसिद्धला सांग, तेवढा वेळ त्याने गल्ल्यावर बसावं आणि शेंगा फोडाव्यात.

आणि नागम्माबाईंना सांगून ठेव, महामाया येणार आहे. नाव नंतर दुरुस्त करीन.

तुझी
विशा


१ मार्च, सकाळ

मनस्विनी,

आज शनिवार, ऑफिसला सुट्टी. उठले आणि मेल पाहिला. तुझा नव्हता. कंपनीचा होता. इंग्रजीतला, पण मजकूर असा: आपल्या संमतीबद्दल आभार. सत्तावीस तारखेला दाखल झालेल्या आणि आज प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत आपलं कोणतंही काम समाविष्ट नाही. त्यामुळे आपल्या संमतीची आवश्यकता नाही.

खाली आवृत्तीचं नाव होतं, अहमदपूर–लातूर. बनवणारे दोघं.

पान उघडून पाहिलं. चित्रात अहमदपूरचा स्टँड आहे आणि नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॅरिकेड लावलं आहे.

बाबा ओट्यावर पेपर वाचत होते.

“गेली का गं गाडी?” त्यांनी विचारलं.

“गेली,” मी म्हणाले. “अहमदपूरहून.”